कागदी लिंबं बोलली तो बहार

थंडी पडली की आमच्या अंबड भागात मोसंबीच्या बागांचं पाणी तोडतात. मुद्दाम तोडतात. ताण देणं म्हणतात त्याला. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं द्रोणासारखी वळतात, पिवळी पडतात, बुडाशी सडा होतो. मालक रोज बांधावरून बघतो, अजून किती सोसेल याचा अंदाज घेतो आणि पाठ फिरवतो. मग संक्रांतीच्या आगेमागे आळ्यात पाणी सोडलं की ते झाड अंगात असेल नसेल तेवढं सगळं बाहेर काढतं. कोवळ्या पालवीची नवती फुटते, फांदीफांदीला पांढरी फुलं लागतात, आणि असा वास सुटतो की शहरातून आलेला पाहुणा गाडीची काच खाली करतो. म्हणतो, काय सुंदर वास आहे हो तुमच्याकडं. मरायला टेकवलेलं झाड जगायसाठी ओरडतंय, त्याचा तो वास आहे. त्यात सुंदर काय?

यंदाही तो आलाय. ओसरीवर माझी बाज आहे, तिथपर्यंत येतो. चहा पिताना येतो, भाकर मोडताना येतो. दोन बहारांमागं याच वासात आमच्या घरात आणखी एक वास होता, स्पिरिटचा. कौसाच्या दंडाला तो कायम असायचा. कौसा म्हणजे माझी बायको. तिच्या किडन्या गेल्या होत्या आणि दर दोन-तीन दिवसांनी तिला जालन्याला रक्त धुवायला न्यावं लागायचं. सुया टोचायच्या त्या शिरेवर बोट ठेवलं तर आत मोटार चालू असल्यासारखं थरथरायचं. डॉक्टरनं तिचं पाणी तोडलं होतं. दिवसाला एवढंसं पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. बाहेर बागा ताणावर आणि घरात ही. तीच म्हणायची, "मला बी ताण देलाय आवं. आता फुलते का बघा."

आणि स्वतःच हसायची. मला हसू यायचं नाही. अजून येत नाही.

विहिरीजवळ तिचं झाड होतं. आमची बाग दुष्काळात कधीच गेली, बुडखे काढून मी कपाशी लावली. हे एक तेवढं विहिरीच्या ओलीवर जगलं. कौसानं स्वतः भरलेलं कलम. तिचा बाप कलमं करायचा, त्याच्याकडून ही शिकून आलेली. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल चिरायची, मोसंबीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढायचा आणि साल उघडेपर्यंत तो सुकू नये म्हणून ओठांत धरायचा. तेवढा वेळ बाई मुकी. गावातले बाप्ये मुद्दाम तेव्हाच येऊन टिंगल करायचे. "बाईमानसाच्या हातचं कलम जगत असतंय का कधी?" ही ओठ मिटून डोळ्यांनी शिव्या द्यायची. कलम जगलं. फळ असं गोड लागलं की सोलताना बोटं एकमेकांना चिकटायची.

मग तिनं एक रीत पाडली. आमची सुनंदा आष्टीला दिली तेव्हापासून. ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिच्या झाडाची काडी ठेवली, जिवंत डोळ्यांची. विहीणबाई बघतच राहिल्या. कौसा म्हणाली, "शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. माझ्या पोरीच्या नावावर तिथं काय हाय? एक झाड ऱ्हाईल." त्यानंतर गावातली कुठलीही लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत कौसाची काडी. कुणी मंठ्याकडं गेली, कुणी परतूरकडं. सगळ्यांच्या परसात त्या काडीचे डोळे भरून एकेक झाड उभं राहिलं. शेजारच्या बबननं तर अख्खी बागच तिच्या काड्यांवर उभी केली. फळ गोड म्हणजे झाड चांगलं, आम्हाला एवढंच कळत होतं. सगळ्या गावाला एवढंच कळत होतं.

बबनची बाग ऐन भरात आली आणि शेंड्याकडून वाळायला लागली. फळ लिंबाएवढं होऊन थांबायचं. त्यानं खतं बदलली, औषधं मारली, बांधावर काळी बाहुली टांगली. शेवटी कृषी विद्यापीठातून एक पोरगी आली. स्नेहल तिचं नाव. झाडांच्या रोगांवर मोठं शिक्षण करत होती. तिनं बबनच्या झाडाची साल सोलली, आतल्या लाकडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, डोळे कुठून आणले होते?"

बबननं आमच्या विहिरीकडं हात केला.

ती आली तेव्हा कौसा ओसरीवर पडून होती. पोरगी झाडाभोवती फिरली, पानं उलटी करून बघितली. झाड हिरवंगार.

"त्याला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. "दिसत न्हाई का डोळ्यानं?"

"दिसतंय बाबा. पण जंबेरीच्या खुंटावरचं झाड, त्यात विहिरीची ओल, पुष्कळ सोसतं. आत विषाणू असला तरी वरून कळत नाही."

"मंग तुला कसं कळलं?"

"मला पण नाही कळलं. कागदी लिंबाला विचारावं लागेल."

मला वाटलं पोरगी थट्टा करून राह्यली. थट्टा नव्हती. तिनं बियांपासून वाढवलेली कागदी लिंबाची रोपं कुंड्यांत आणली आणि विहिरीच्या अंगाला बारीक जाळीचं पांढरं घर बांधलं, मच्छरदाणीसारखं. आमच्या झाडाचे डोळे त्या रोपांच्या सालीत बसवायचे. झाडात रोग असला तर तो डोळ्यातून रोपात उतरतो, आणि कागदी लिंबाला तो लपवता येत नाही. त्याच्या नव्या पानांवर दिसतोच. काही रोपं तशीच कोरी ठेवायची, जोडीला बघायला.

कौसानं पडल्या पडल्या सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हंजी कागदी लिंबाच्या पोटात काही ऱ्हात न्हाई म्हन की. बराबर आमच्या नणंदेवानी."

पोरगी एवढी हसली की तिचा चष्मा खाली आला.

मग कौसानं हट्ट धरला, एक रोप मला भरू दे. स्नेहलनं तिला बाजेवर टेकून बसवलं, मांडीवर कुंडी दिली, हातात चाकू दिला. चाकू बिलकुल हलला नाही. साल चिरली, डोळा काढला, सवयीनं ओठांत धरला. आणि तशीच थांबली. डोळा ओला ठेवायला तोंडात ओल नव्हती. ओठ भेगाळलेले, जीभ लाकडासारखी. तिनं डोळा तोंडातून काढून स्नेहलकडं केला. स्नेहलनं तो पेल्यातल्या पाण्यात बुडवून परत दिला. कौसानं भरला, पट्टी बांधली. तिच्या हातचं ते शेवटचं कलम. स्वतःचंच झाड पकडून द्यायला भरलेलं.

त्या दिवसांत पोरगी बऱ्याचदा यायची. चहाला बसायची. मी तिला विचारायचो, हा विषाणू असतो तरी काय. ती म्हणाली, तो किडा नाही, बुरशी नाही, नुसता असला तर त्याला जिवंतसुद्धा म्हणता येत नाही. पानं अन्न तयार करतात आणि सालीच्या आतल्या वाटेनं ते खाली मुळांना जातं. तो त्या वाटेवर राहतो. तिथल्या पेशीत शिरला की पेशी आपलं काम सोडून त्याच्यासारखे आणखी घडवत बसते.

"म्हंजी झाडच त्याला घडवतंय?"

"हो बाबा. झाडाच्याच हातानं, झाडाच्याच अन्नावर."

"आन हिकडून तिकडं कसा जातो?"

"एक तर कलमातून. नाहीतर मावा नेतो. कोवळ्या नवतीवर मावा बसतो ना, तो सोंड खुपसून रस पितो. त्या रसाबरोबर हा पण जातो. मग मावा उडून दुसऱ्या झाडावर बसतो आणि तिथं सोडतो."

म्हणजे बघा. ज्या दिवसांत बाग सगळ्यात देखणी दिसते, नवती तुकतुकते, फुलं येतात, त्याच दिवसांत हे काम चालतं. मी साठ-सत्तर बहार बघितले असतील. बहाराकडं मी तोवर असं कधी बघितलं नव्हतं. आता दुसरं काही दिसत नाही.

एकदा तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. तिची एक मैत्रीण परदेशात कोकोच्या झाडांवर असाच अभ्यास करते. तिथला विषाणू वेगळा, तो पांढरा पिठ्या ढेकूण नेतो. झाडाच्या फांद्या गाठी आल्यासारख्या फुगतात, पानांच्या शिरा लाल होतात, मग झाड बसतं.

"कोको म्हंजी?" कौसानं विचारलं.

"ज्याचं चॉकलेट करतात ना आजी, ते."

"चाकलेट झाडाला लागतंय?" कौसा उठूनच बसली. "मला वाटलं कारखान्यात करतेत." मग फोटो जवळ धरून बराच वेळ बघत राहिली. जमिनीवर पाडलेली झाडं, त्यांच्या बाजूला उभी एक म्हातारी, डोक्याला फडकं बांधलेली. "आन त्याला औषध?"

"नाही. रोगी झाड आणि त्याच्या आसपासची तोडावी लागतात. दुसरा इलाज नाही."

"आन हितं?"

पोरगीनं मोबाईल खाली ठेवला. "इथंही औषध नाही आजी."

त्यानंतर कौसा रोज सकाळी विचारायची, "बोलली का लिंबं?" जालन्याहून आली, अंगात त्राण नाही, गाडीतून उतरवून आणावं लागलं, तरी उंबऱ्यात तोच प्रश्न. मी जाळीत डोकावून यायचो आणि सांगायचो, न्हाई. रोपांना नवी पानं आली. मला वाटलं, सुटलो. झाडांना पाणी सोडलं, बागांमध्ये फुलं आली, आमच्या विहिरीवरचं झाड तर पांढरं झालं. मधमाश्यांचा आवाज ओसरीवर ऐकू यायचा.

मग स्नेहल आली. जाळीत गेली. एक पान खुडून बाहेर आली, माझ्यासमोर उन्हात धरलं. "बघा." पान हिरवं होतं, पण त्याच्या बारीक बारीक शिरा जागोजाग काचेसारख्या झाल्या होत्या. ऊन आरपार येत होतं. मग कोऱ्या रोपाचं पान धरलं. त्याच्या शिरा सरळ हिरव्या. सांगायला दुसरं काही लागत नव्हतं. डोळे भरलेलं एकेक रोप तिनं दाखवलं. सगळी एकच बोलत होती. कौसानं भरलेलंसुद्धा.

"तिला सांगू नको," मी म्हणालो. "तिला आता असलं कशाला? चार दिवसाची सोबती. सांग, चांगलं हाय."

आम्ही ओसरीवर गेलो तर कौसा वाट बघत होती. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं. सरळ स्नेहलला म्हणाली, "ह्यांचं तोंड बघू नको, ह्यांना खोटं बोलता येत न्हाई आन खरं बोलवत न्हाई. तू सांग."

स्नेहलनं सांगितलं. खाली बसून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं. कौसानं विचारलं, पहिल्यापासून होता का. स्नेहल म्हणाली, ते सांगता येत नाही आजी, बहुतेक ज्या झाडाचा पहिला डोळा घेतला त्यातूनच आला असेल. मग कौसानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. ती नावं घेत होती, पण गावातल्या लेकींची. कुणाकुणाच्या ओटीत काडी घातली, ते आठवत होती.

त्या दिवशी तिनं फोन सोडला नाही. एकेकीचा नंबर मला लावायला लावला. श्वास पुरत नव्हता, तरी सगळ्यांना तेच. "बाई, मी देलेलं झाड तोड. हो, तोड. अगं गोड हाय ते मला ठावं हाय, तोड." कुणी बरं म्हणाली, कुणी रडली, एकीनं विचारलं, मावशी, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का. शेवटचा फोन सुनंदाला. कौसाचं बोलणं ऐकून सुनंदा म्हणाली, "माय, ते मी तोडनार न्हाई. तू काही बी म्हन."

"शेजारी नवी बाग हाय का न्हाई तुझ्या?"

"असू दे."

"मावा त्यांच्यात जाईल बाई. त्येंच्या लेकरांचं त्येच्यावर पोट हाय."

"माय, तू बरी हो आन हितं येऊन तूच तोड."

कौसानं फोन माझ्याकडं दिला. म्हणाली, "तुमच्यावर गेलीय." मग म्हणाली, "आपलं बी तोडा." मी म्हणालो, तू बरी हो, मंग बघू. माझ्या तोंडातून लेकीचंच वाक्य निघालं.

फुलं गळून फळ वाटाण्याएवढं धरलं आणि कौसा गेली. जालन्याहून येताना, गाडीत, माझ्या खांद्यावर. मला वाटलं झोपली.

दहाव्याला एक जण म्हणाला, बाई झाडासारखीच गेली बघा, आतून पोखरलेली पण वरून हिरवी. लोकांनी माना हलवल्या. मला असलं बोलणं पटत नाही. झाड झाड आहे. झाडाच्या डोक्याखाली मी कधी उशी सरकवली नाही. झाड मला कधी म्हणालं नाही की पाण्याचा बर्फ करून आणा, तो चोखला म्हणजे जास्त वेळ पुरतो. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, पण माझ्यासमोर नाही.

बबननं बाग उपटली. जेसीबी लावला. मी बघायला गेलो नाही, आवाज ऐकला. गेल्या पावसाळ्यात त्यानं नवी रोपं आणली, तपासून घेतलेली, चांगली. आता ती मांडीएवढी उंच झालीत. रोज सकाळी तो बांधावर येऊन उभा राहतो आणि माझ्या विहिरीकडं बघतो. मध्ये एकदा मी विचारलंच.

"बबन, काय म्हनायचंय ते म्हन."

"काका, म्या कुठं काय म्हनलो?"

"मंग रोज कामून उभा ऱ्हातो?"

तो पायानं ढेकूळ फोडत राहिला. "काकूनं मला लहानपणी भाकर घातलीय. मी त्या झाडाला काही म्हननार न्हाई. पर नवती फुटायला आली काका."

एवढं बोलून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी माझ्या झाडाकडं गेलो नाही. आष्टीला गेलो. म्हटलं आधी लेकीला समजवावं, मग आपलं. माणूस असाच असतो, दुसऱ्याच्या दारातलं आधी दिसतं. सुनंदाचं झाड परसात, धुणं धुवायच्या दगडापाशी. तिनं बुंध्याला गेरू लावला होता. तिच्या कुंपणापलीकडं नव्या मोसंबीच्या रांगा, मालक ठिबकच्या नळ्या सरळ करत होता. मी चहा घेतला आणि विषय काढला. रोग समजावून सांगितला, स्नेहलनं सांगितला तसा, मावा, नवती, सगळं. तिनं ऐकून घेतलं. भांडी आवरता आवरता म्हणाली, "अण्णा, तुमचं उभं हाय न्हवं अजून?"

मी कपबशी खाली ठेवली.

"मंग मला कशाला सांगून राह्यले? मायचा फोटो भिंतीवर हाय, लुगडं पेटीत हाय. पर हे वाढतं, अण्णा. दरसाल फळ देतं. मायचं दुसरं काय वाढून राह्यलंय सांगा?"

परतीच्या एसटीत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुललेल्या बागा, खिडकीतून वास. बाजूचा माणूस म्हणाला, "काय वास सुटलाय बाबा." मी खिडकी लावून घेतली. तो माझ्याकडं वेड्यासारखा बघत होता.

काल तोडलं.

बहारात तोडलं. थांबून काय होणार होतं? झाडावर मधमाश्या होत्याच. त्या उठल्या नाहीत. कुऱ्हाड बुंध्यात बसायची तशी फुलं झडायची, माझ्या टोपीत, मानेवर, सदऱ्यात. बबन बांधावरून आला, त्याचा हात कुऱ्हाडीकडं आला, मी नको म्हणालो. तो तिथंच उभा राहिला, झाड आडवं होईपर्यंत. मग फांद्या ओढायला लागला. त्याला मी नको म्हणालो नाही.

खाली पडल्यावर मी एका जाड फांदीची साल सोलली. लाकूड ओलं, पिवळसर, गुळगुळीत दिसत होतं. अंगठा फिरवला तेव्हा कळलं. बारीक बारीक खळगे, कुणीतरी बसून दाभणानं टोचत गेल्यासारखे, वरपासून खालपर्यंत. पोरगी खोटं बोलत नव्हती. तरी मला खात्री करावीशी वाटली, हे कौसाला आवडलं नसतं. ती म्हणाली असती, "आता कळून काय करता?"

संध्याकाळी सुनंदाला फोन लावला.

"तोडलं," मी म्हणालो.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"कुणाकडनं तोडलं?"

"माझ्या हातानं."

"ह्या वयात? दम लागत असतोय ना तुमाला."

"लागला."

फोन कटला का काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. चालू होता. मग तिचा आवाज आला, कौसाचाच आवाज, वय उतरवलेला.

"मंग या उद्या. हे बी तुमीच तोडा. ह्यांना न्हाई लावू देनार मी हात. कुनालाच न्हाई."

मी बरं म्हणालो.

लेकीच्या सासरी कुणी रिकाम्या हातानं जात नाही. आजवर मी गेलो तेव्हा काही ना काही नेलं. भुईमुगाच्या शेंगा, भाजलेल्या हरभऱ्याचा हावळा, दिवाळीला साडी, नातवांना खाऊ. आज कुऱ्हाडीला धार लावून घेतली, पात्याला पोतं गुंडाळलं आणि पिशवीत घातली. दांडा बाहेर राहतो. एसटीत कुणीतरी विचारीलच, बाबा, पिशवीत काय नेता. सांगीन, लेकीकडं चाललोय.